खाड्याची वही

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तुझा फोन झाल्यावर मी जेवलो, झोपायला गेलो आणि तासाभरानं पुन्हा उठून बसलो. फोनवर मला बोलायला सुचत नाही, हे तुला ठाऊक आहे. एसटीतला कंडक्टर मी, गाडीत 'पुढं सरका, पुढं सरका' एवढंच मोठ्यानं बोलायची सवय. म्हणून लिहितो.

तू हॉस्टेलची मेस सेक्रेटरी झालीस तेव्हा तुझ्या आईनं आळीत पेढे वाटले. मला वाटलं, पेढे कशाचे, पोरीच्या मागं ताप लागला. आमच्या कॉलेजात जीएसच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या जनरल सेक्रेटरीच्या, निवडणुकीला बाहेरच्या जीपगाड्या यायच्या, गुलाल उधळायचे, डोकी फुटायची. पुढं 1994 च्या विद्यापीठ कायद्यात ते बंद होऊन मार्कांवर प्रतिनिधी नेमायला लागले. 2016 च्या नव्या कायद्यात पुन्हा निवडणूक लिहिली आहे म्हणतात. असो. त्या जीपमधल्या एकालाही कधी मेसची वही मागताना मी पाहिलं नाही. गॅदरिंगच्या कमिटीत मात्र सगळ्यांना यायचं असायचं.

आता तुझा प्रश्न. तुझी मैत्रीण घरी गेली तीन दिवस. म्हणाली, नऊ खाडे लिही, म्हणजे नऊ दिवस मेसला जेवले नाही असं. तू लिहिलेस. वर मला म्हणालीस, "पप्पा, सहा दिवसांनी काय फरक पडतो?" मी तेव्हा गप्प बसलो, कारण मला हिशोब करायचा होता. वेबिलाच्या, म्हणजे आमच्या तिकिटांच्या हिशोबाच्या कागदाच्या, मागच्या बाजूला केला, तो असा.

समज, तुम्ही 120 मुली आणि महिन्याला सरासरी 25 दिवस जेवता. एकीचं एका दिवसाचं जेवण म्हणजे एक डाएट, असे 3000 डाएट. किराणा, गॅस, भाजी, मावशींचा पगार धरून खर्च 2,70,000. खर्च डाएटवर वाटला की एका डाएटचा दर पडला 90 रुपये. आता सहा खोटे खाडे घाल. डाएट 2994 झाले, खर्च मात्र तेवढाच, कारण भात शिजला आणि तो तिनंच खाल्ला. दर गेला 90 रुपये 18 पैशांवर. तुझ्या मैत्रिणीचे वाचले साधारण 540. बाकीच्या प्रत्येकीला बसले साडेचार रुपये.

साडेचार रुपये कुणाला कळणार? कुणालाच नाही. ताई, मला त्याचीच धास्ती वाटली. पाचशे रुपये एकीच्या पर्समधून गेले असते तर हॉस्टेल डोक्यावर घेतलं असतं. इथं 119 जणींच्या पर्समधून गेले आणि बिल लावलं तू, तुझ्या सहीनं.

मी तुला शिकवायला मोकळा आहे असं समजू नकोस. नोकरीला लागून वर्ष झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट आहे. मशिन नव्हतं, पत्र्याच्या पेटीत तिकिटांचे गठ्ठे आणि हातात पंच. आठवडी बाजाराचा दिवस, गाडी खचाखच. माझा मामेभाऊ चढला. मी त्याच्याकडं पाहून नुसती मान हलवली आणि पुढं सरकलो. आपलाच माणूस, दोन स्टॉपचा तर प्रवास. त्याच्या मागच्या सीटवर शाळेतलं एक पोरगं होतं, त्याचा पास संपलेला आणि तिकिटाला दोन रुपये कमी. मी त्याला पुढच्या थांब्यावर उतरवलं. नियमच होता. पोरगं काही बोललं नाही. उतरता उतरता माझ्या मामेभावाकडं एकदा बघून गेलं.

तपासणी पथक त्या दिवशी आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं असं मला अजून वाटतं; मेमो मिळाला असता आणि विषय संपला असता. पुढच्या बाजाराला मामेभावाबरोबर त्याचे दोन मित्र आले आणि तिघंही खिशात हात न घालता बसले. त्या दिवशी तिकीट मागितलं तर भावाला राग आला. चार वर्षं बोलत नव्हता. पहिल्याच दिवशी मागितलं असतं तर चार दिवस बोलला नसता.

आमच्यात एक पद्धत आहे. ड्यूटीवर निघतानाच खिशात स्वतःचे पैसे किती ते लिहून द्यायचं. मग वाटेत बॅग तपासली तर कमी निघालेलंही चालत नाही आणि जास्त निघालेलंही. नवीन पोरांना जास्त पैशाचं नवल वाटतं. पण जास्त आहेत म्हणजे कुणाचं तरी तिकीट फाडायचं राहिलं. आता पंचाहत्तरीच्या वरच्या माणसांना प्रवास फुकट आहे, तरी त्यांना शून्य रुपयाचं तिकीट द्यावंच लागतं. तुझी आजी ते शून्याचं तिकीट पिशवीत जपून ठेवते, काय करते त्याचं देव जाणे. खाड्याचंही तसंच असावं. आदल्या दिवशी वहीत लिहिला तर खाडा. मावशींनी तांदूळ धुतल्यावर सांगितला तर तो खाडा नाही.

मी रयत शिक्षण संस्थेच्या शाळेत शिकलो हे तुला माहीत आहे. दर 22 सप्टेंबरला, जयंतीला, संस्था काढणाऱ्या कर्मवीर भाऊराव अण्णांवर भाषण पाठ करून म्हणायचो. 1924 साली साताऱ्यात बोर्डिंग, सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला, 1927 ला गांधीजी आले, सगळं घडाघडा. अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी बोर्डिंगच्या पोरांसाठी मंगळसूत्र मोडलं या वाक्याला टाळ्या ठरलेल्या, म्हणून तिथं मी आवाज चढवायचो. काय म्हणतोय ते कळत नव्हतं. तू मेसचं सांगायला लागलीस तेव्हा प्रथमच डोक्यात आलं की त्या बाईला रोज संध्याकाळी उद्याचं पीठ पुरेल का हे बघावं लागत असणार. भाषणात ते कुणी लिहून दिलं नव्हतं.

तर आता काय करायचं. वहीतली ती नोंद खोडरबरानं पुसू नकोस, पानही फाडू नकोस. सहा दिवसांवर एकच आडवी रेघ मार, आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी दुरुस्ती लिही आणि सही कर. रेक्टर मॅडमनी विचारलं तर मीच चुकीचं लिहिलं होतं एवढं सांग. मैत्रिणीचं नाव आपण होऊन घेऊ नकोस. बिल पुन्हा काढून लावावं लागेल, मुली कुरकुरतील, दोनचार जणी टोमणे मारतील. मारू देत.

पण रेघ मारायच्या आधी तिला खोलीत एकटीला सांग. बोर्डावर वाचून तिला कळता कामा नये. आणि तिला खरंच अडचण आहे का ते विचार. तू म्हणालीस की त्यांचं सोयाबीन यंदा पावसात गेलं. मग तिला 540 रुपये हवे आहेत हे खरं असेल, नऊ खाडे खोटे असतील. पैसे मी देतो. पगार सात तारखेच्या पुढंमागं होतो, झाला की तुझ्या खात्यावर टाकतो. माझं नाव सांगू नकोस, तुझ्याकडचे आहेत म्हण.

ती बोलायची बंद होईल. दिवाळीपर्यंत होईल किंवा कायमची होईल, ते मला सांगता येत नाही. त्याच खोलीत दोघींना राहायचं आहे, याची मला कल्पना आहे. जड गेलं तर रात्री कितीही वाजता फोन कर, मी बोललो नाही तरी ऐकेन.

आईनं शेंगदाण्याची चटणी आणि मेथीचे लाडू केलेत. शनिवारी सकाळच्या गाडीनं पाठवतो, साडेदहापर्यंत स्वारगेटला ये. वाहक माझ्या ओळखीचा आहे, तसाच नेतो म्हणाला होता. पावती केली आहे, तिचा फोटो पाठवतो, तो दाखवून डबा घे.

तुझा,
पप्पा