आजी, तुझं ते एसटीतलं बोलणं

निशी-कासाई, टोकियो
१४ डिसेंबर २०२५

तीर्थरूप आजीस,
शिरसाष्टांग नमस्कार.

दादा, हे पत्र आजीला दुपारच्या चहाच्या वेळी वाचून दाखव, सावकाश. लांब झालंय म्हणून मधलं गाळू नकोस, तिला लगेच कळतं.

आजी, मागच्या रविवारी फोनवर तू विचारलंस, "तिकडं सिनेमा-बिनेमा बघतीस का नुसतं कामच?" मी "बघते की" एवढंच म्हटलं. इकडे माझी भात लावायची घाई, तिकडे आई मधूनच औषधाचं विचारत होती. पण त्या वेळी मनात जे होतं ते फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून आज सुट्टी बघून लिहायला बसले.

इथे एक जपानी सिनेमा लागलाय, 'कोकुहो'. कोकुहो म्हणजे राष्ट्राचा ठेवा. जूनमध्ये लागला तो अजून उतरलेला नाही. इथली माणसं ॲनिमेशनच्या सिनेमांना तुडुंब गर्दी करतात, पण खऱ्या नटांच्या जपानी सिनेमाला एवढी गर्दी झाल्याचं आठवत नाही असं ऑफिसात सगळे म्हणायचे. आणि झालंही तसंच. गेल्या महिन्यात त्याने अशा सिनेमांच्या कमाईचा २२ वर्षं जुना विक्रम मोडला. मी दोनदा बघितला. एकदा ऑगस्टमध्ये, एकदा परवाच्या शनिवारी. तिकीट दोन हजार येन, म्हणजे आपले अकराशेच्या वर. मी सहजासहजी एवढे पैसे घालत नाही हे तुला माहीत आहे.

गोष्ट काबुकीतल्या नटाची आहे. काबुकी म्हणजे इथलं जुनं नाटक, आपल्या संगीत नाटकासारखंच, पण त्याहून खूप जुनं. १६०३ च्या सुमारास ओकुनी नावाच्या एका बाईने क्योतोमध्ये ते सुरू केलं असं सांगतात. पुढे १६२९ मध्ये सरकारने बायकांना रंगमंचावर बंदी घातली आणि बायकांची कामं पुरुष करायला लागले. त्यांना ओन्नागाता म्हणतात. ती बंदी कधीच उठली, पण काबुकीत अजूनही बायकांची कामं पुरुषच करतात.

आता कळलं ना मला तू का आठवलीस? बायकांची कामं करणाऱ्या बालगंधर्वांचं नागठाणं आपल्यापासून किती लांब आहे? लहानपणी तूच सांगायचीस, तुझे वडील बालगंधर्वांचं नाटक बघायला सांगलीपर्यंत चालत गेले होते आणि पहाटे परत येऊन तसेच मोटेवर उभे राहिले.

सिनेमातला मुलगा नागासाकीचा. बाप गुंडांच्या टोळीचा म्होरक्या. १९६४ च्या नववर्षाच्या मेजवानीत पोराच्या डोळ्यांदेखत बापाला मारतात. मग ओसाकाचा एक मोठा काबुकी नट त्या पोराला घरी घेऊन येतो आणि स्वतःच्या मुलाबरोबर शिकवायला लागतो. दोघं एकाच वयाचे, एकाच ताटातले. एकाच्या अंगात घराण्याचं रक्त, दुसऱ्याच्या अंगात नुसती कला. काबुकीत नाव बापाकडून मुलाकडे जातं, त्यामुळे रक्ताला फार किंमत. आणि गुरूला अपघात होतो तेव्हा तो आपली भूमिका पोटच्या मुलाला न देता या परक्या पोराला देतो.

त्या रात्रीचा प्रसंग मी तुला जवळून सांगते. नाटक सुरू व्हायला थोडाच वेळ राहिलेला. पोरगा आरशासमोर बसलाय, चेहरा पांढराफेक रंगवलेला, मानेमागेसुद्धा रंग. फक्त डोळ्यांच्या कडेला लाल रेघ ओढायची राहिलीये. आणि हात थरथरतोय. ब्रश गालापाशी नेतो आणि परत खाली ठेवतो. तेवढ्यात घरचा मुलगा आत येतो, ज्याची भूमिका याने घेतली तोच. समोर बसतो, ब्रश हातात घेतो आणि मित्राच्या डोळ्याला रंग लावतो. तेव्हा हा पोरगा रडवेला होऊन म्हणतो की मला तुझं रक्त प्यावंसं वाटतंय, घटाघटा. घराण्याचं रक्त अंगात असतं तर हात थरथरला नसता, असं त्याला वाटत असतं. आजी, माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांनी चष्मा काढून रुमालाने पुसला आणि तसाच हातात धरून बसले. पुढची दहा मिनिटं त्यांना पडद्यावर काही दिसलं नसेल.

इथल्या थिएटरची एक गोष्ट तुला आवडणार नाही आणि एक आवडेल. आवडणार नाही ती म्हणजे कोणी बोलत नाही. शिट्टी नाही, टाळी नाही, "आता बघ हं" नाही. तीन तासांना पाच मिनिटं कमी एवढा सिनेमा आणि मध्ये इंटरव्हल नाही. आवडेल ती अशी, की सिनेमा संपला तरी कोणी उठत नाही. शेवटी नावं येतात ना, स्पॉटबॉयपासून सगळ्यांची, ती संपेपर्यंत अख्खं थिएटर अंधारात गप्प बसलेलं असतं. दिवे लागले की मग माणसं हळूहळू कोट घालतात. पहिल्यांदा मला वाटलं यांना सिनेमा आवडला की नाही हे कळणार तरी कसं? मग समजलं, इथे मत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाहेर येतं. डबा खाताना, लिफ्टमध्ये, कचरा टाकायला खाली गेल्यावर. मी गेले काही महिने जिला-तिला विचारत सुटलेय.

आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी राहतात, पंच्याहत्तरीच्या असतील. खरं काबुकी बघणाऱ्या. त्यांना भारत म्हटलं की एकच नाव येतं, रजनीकांत, कारण १९९८ मध्ये त्यांचा 'मुत्तू' इथे फार चालला होता. ते मूळचे मराठी घरातले, गायकवाड, हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी मला आत बोलावून चहा पाजला. तर या आजी म्हणाल्या, दोन्ही पोरांनी सिनेमासाठी दीड वर्ष तालीम केली, कौतुक आहे, पण ओन्नागाताची पाठ दीड वर्षात तयार होत नाही. पाठ! मला वाटलं त्या चेहऱ्याबद्दल बोलतील. त्या उठल्या, गुडघे किंचित वाकवले, खांदे मागे खाली सोडले आणि चार पावलं चालून दाखवली. क्षणभर ती म्हातारी वीस वर्षांची दिसली. मग बसून म्हणाल्या, तरी मी रडले. पाठ चुकली होती आणि मी रडले.

आपल्या मराठी मंडळींचं ऐक. निशी-कासाईला आपले लोक बरेच आहेत, गणपतीत भेटतात. एक पुण्याचा मुलगा म्हणाला, "तीन तास बसून पाठ धरली, गोष्ट दीड तासात सांगून झाली असती." त्याला मी काही बोलले नाही, पण मला ते पटलं नाही. पन्नास वर्षांची गोष्ट आहे ती, तिला वेळ लागणारच. उलट मला तर शेवटचा भाग धावल्यासारखा वाटला. कोल्हापूरची एक मैत्रीण मात्र बाहेर पडल्या पडल्या म्हणाली, "हे तर आपल्याकडचंच आहे गं. गाण्यातली घराणी, तमाशाचे फड, सगळीकडे हेच." तिने लगेच 'नटरंग'ची आठवण काढली. त्यात अतुल कुलकर्णींनी पैलवानी अंगाच्या गड्याचा नाच्या केला होता, आठवतंय ना? तू तेव्हा म्हणाली होतीस की ह्या माणसानं अंग उतरवलंय ते खरं उतरवलंय, कापूस काढलेला नाही. मैत्रिणीला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, तुझ्या आजीलाच घेऊन जायला पाहिजे होतं सिनेमाला.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहिते आहे ते सांगते.

ऑफिसात माझ्या समोर बसणाऱ्या बाई आहेत, पन्नाशीच्या. फार कमी बोलतात. मी त्यांना विचारलं तेव्हा त्या नुसतं "सुंदर आहे" म्हणाल्या. आठवड्याने, दोघी जेवत होतो, त्या एकदम म्हणाल्या, "त्या सिनेमातल्या बायका कुठे गेल्या?" मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी बोटावर मोजल्या. नागासाकीहून त्याच्यामागे आलेली मैत्रीण. ज्या नाचणाऱ्या बाईपासून त्याला मुलगी झाली ती. ती मुलगी. गुरूची बायको. प्रत्येकीला मोजकेच प्रसंग आणि मग ती पडद्यावरून नाहीशी. तो पुरुष बाईपण इतकं हुबेहूब उभं करतो की देश त्याला ठेवा म्हणतो, आणि ज्या बायकांकडून तो ते शिकला असेल त्यांच्याकडे बघायला सिनेमाला वेळ नाही. मुलगी शेवटी एकदा येते, मोठी होऊन, कॅमेरा घेऊन, त्याचा फोटो काढायला. या बाई म्हणाल्या, "मला त्या मुलीच्या बाजूने तीन तास बघायला आवडले असते." एवढं बोलून त्यांनी डबा बंद केला.

आजी, माझा घास हातातच राहिला. २०११ साल. मी चौदा वर्षांची. आपण सगळे 'बालगंधर्व' बघायला सांगलीला गेलो होतो, सुबोध भावेंचा. परत येताना एसटीत तात्या ती नेहमीची गोष्ट सांगत होते, की 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली आणि तरी त्यांनी प्रयोग केला. मायबाप रसिकांसाठी. तात्यांचा आवाज भरून आला होता. सगळी मान डोलावत होती. आणि तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "ते उभं राहिलं खरं. पण पोर मांडीवर घिऊन घरात बसली असंल ती कोण? तिचा सिनेमा कोण काढतंय?" कोणीच काही बोललं नाही. आईने माझ्या हातात शेंगांची पुडी दिली आणि विषय तिथेच राहिला. मला तेव्हा वाटलं आजीला सिनेमा आवडला नाही. पण घरी आल्यावर तू तासभर त्या शालूंबद्दल आणि 'नाथ हा माझा'बद्दल बोलत होतीस. म्हणजे आवडला होता. आवडला होता म्हणूनच तू ते विचारलंस. हे कळायला मला चौदा वर्षं लागली आणि एक जपानी बाई भेटावी लागली.

मी त्यांना तुझं बोलणं सांगितलं. माझ्या मोडक्या जपानीत 'पोर मांडीवर घेऊन' हे सांगताना मी हातांनी करून दाखवलं. त्यांनी खूप वेळ मान हलवली आणि तुझं वय विचारलं. त्यांनी तुला नमस्कार सांगितलाय.

म्हणून परवा मी दुसऱ्यांदा गेले, फक्त त्या बायकांकडे बघायला. खरं सांगते, पहिल्यांदा मी जिथे रडले होते तिथे या वेळीही रडले. शेवटच्या नाचात तो म्हातारा नट एकटाच रंगमंचावर असतो, वरून कागदी बर्फ पडत असतं, तिथे काही इलाजच चालत नाही. पण या वेळी ती नागासाकीची मैत्रीण निघून जाते तो प्रसंग मी लक्षात ठेवला. त्या निघून जाण्यात दिग्दर्शकाला सगळं ठाऊक होतं असं मला वाटतं. ठाऊक असूनही तो तिच्यामागे गेला नाही. मोठा सिनेमा आहे, आणि त्यातली ही उणीवही मोठी आहे. दोन्ही मी मनापासून म्हणते.

आता तुमच्याकडचं. 'दशावतार' बघून आलात सगळे, मला सप्टेंबरपासून नुसते तुकडे कळताहेत. तात्या म्हणाले, "बरा आहे." वहिनीने लिहिलं, "कोकण लई देखणं दाखवलंय." दादाने फक्त अंगठा पाठवला. आणि तू म्हणालीस, "म्हाताऱ्यानं काम केलं बघ!" दिलीप प्रभावळकर ८१ वर्षांचे आहेत आजी, तुझ्याहून एका वर्षाने लहान, तू त्यांना म्हातारा कसं म्हणतेस? मला तो सिनेमा अजून बघायला मिळालेला नाही. दशावतारी नटाची गोष्ट आहे एवढं माहीत आहे. तिथेही बायकांची कामं पुरुषच करतात, रात्रभर जागतात, सकाळी घरी येतात. मग घरच्यांचं काय दाखवलंय? भाकरी कोण करतं, कोण वाट बघतं, कोण भांडतं? दिग्दर्शकाने त्यांना किती जागा दिलीये? हे मला तात्यांकडून नको, तुझ्याकडून पाहिजे. वहिनी, आजी बोलेल ते टिपून घे, तिच्याच शब्दांत, नीट करून लिहू नकोस.

थंडी पडलीये. रस्त्यावरच्या गिंकोची पिवळी पानं आता गळून गेलीत. आईने पाठवलेला लसणीचा चिवडा संपला, मेतकूट अजून आहे. तुझ्या गुडघ्यासाठी इथून चिकटवायच्या पट्ट्या पाठवते आहे, उष्णतेने त्वचा लाल झाली तर लगेच काढायच्या.

तात्या, आईला सा. नमस्कार. लहानग्याला पापा.

तुझी,
नात

ता.क. खालच्या मजल्यावरच्या आजी विचारत होत्या की बालगंधर्व चालायचे कसे. तुझ्या वडिलांनी कधी करून दाखवलं होतं का? असेल तर दादाला सांग, व्हिडिओ काढून पाठवेल.