फराळाचा डबा कचऱ्यात, किटली मात्र परत : क्रूझ कंपनीस तक्रार पत्र

मंगळवार पेठ, कोल्हापूर.
दिनांक : २४ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग,
मुंबई कार्यालय.

विषय : जहाजावर चढताना खाद्यपदार्थ पूर्वसूचना न देता काढून घेऊन टाकून दिल्याबाबत, आणि त्यामुळे मधुमेही प्रवाशाच्या जिवावर बेतल्याबाबत.

संदर्भ : १० ते १३ नोव्हेंबर २०२५ ची मुंबईहून निघून मुंबईस परतणारी तीन रात्रींची सफर, प्रवासी तीन.

महोदय,

मी, माझी पत्नी आणि माझी ७९ वर्षांची आई असे तिघे जण वरील सफरीसाठी ९ नोव्हेंबरच्या रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसने कोल्हापुरातून निघालो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बॅलार्ड पिअरच्या क्रूझ टर्मिनलवर आपल्या कंपनीच्या सामान तपासणीच्या टेबलापाशी पोहोचलो. तिकिटांचे १,१४,६०० रुपये आम्ही सप्टेंबरमध्येच भरले होते. जहाज, केबिन, तिथली स्वच्छता यांबद्दल माझी काहीही तक्रार नाही, आणि आईला उठता-बसता त्रास होतो हे पाहून न सांगता डेकवर खुर्ची आणून ठेवणाऱ्या आपल्या तरुण कर्मचाऱ्याचे आभार मानायचे राहिले होते, ते इथे मानतो. तक्रार आहे ती त्या टेबलावर वीस मिनिटांत जे घडले त्याबद्दल आणि त्यापायी तिसऱ्या दिवशी पहाटे आम्हाला जे भोगावे लागले त्याबद्दल.

आमच्या पिशवीत काय होते ते आधी लिहितो, कारण आपल्या कर्मचाऱ्यांनी त्याची कुठेही नोंद केलेली नाही. अर्धा किलो भडंगाचे दुकानातले सीलबंद पाकीट, ज्यावर १४ अंकी अन्न परवाना क्रमांक, बॅच आणि तारीख छापलेली होती. नाचणीच्या बिस्किटांचे दोन पुडे, तेही सीलबंद. घरी केलेले डिंकाचे लाडू आणि शेंगदाण्याची चटणी, प्रत्येकी एका स्टीलच्या डब्यात. कोकम सरबताची न फोडलेली बाटली. आणि आईसाठी म्हणून वेगळ्या छोट्या पिशवीत गुळाचे खडे, ग्लुकोज पावडरचा वापरात असलेला डबा आणि डॉक्टरांचे पत्र. दशम्या आणि खर्डा गाडीतच संपले होते. नाहीतर तेही याच यादीत आले असते.

हे सामान आम्ही लपूनछपून किंवा बेफिकिरीने आणलेले नव्हते. १८ ऑक्टोबर रोजी मी आपल्या ग्राहक सेवा क्रमांकावर फोन करून सरळ विचारले होते की आई मधुमेही आहे, तिला दर तीन तासांनी थोडे खावे लागते, तेव्हा सोबत कोरडा फराळ आणला तर चालेल का. ‘कोरडे पदार्थ थोड्या प्रमाणात चालतील, फक्त दारू आणू नका,’ असे उत्तर मिळाले. ते उत्तर मी ईमेलवर मागून घेतले नाही, ही माझी चूक मी मान्य करतो. पण संभाषण ध्वनिमुद्रित होत असल्याचे आपणच सुरुवातीला ऐकवता, तेव्हा ते आपल्याकडे असणारच. ६ नोव्हेंबरला आपली प्रवास-सूचना आली. तीत ओळखपत्रे, टर्मिनलवर येण्याची वेळ, इतकेच काय, दुसऱ्या रात्रीच्या समारंभी जेवणाला कोणते कपडे घालावेत हेही होते. खाद्यपदार्थांबद्दल एक अक्षर नव्हते. टेबलावरच्या कर्मचाऱ्याने ज्या नियमाकडे बोट दाखवले तो नियम तिकिटाच्या तळाशी दिलेल्या लिंकमागे, इंग्रजीतल्या ४१ पानी अटींमध्ये, शस्त्रे आणि ड्रोन यांच्या परिच्छेदात आहे. शेंगदाण्याची चटणी आणावी की नाही याचा शोध घेणारा माणूस शस्त्रांच्या परिच्छेदात कशासाठी जाईल, हे मला अजून उमगलेले नाही.

नियम असू नये, असे माझे म्हणणे नाही. मी दूध व्यवसायात गुणनियंत्रणाचे काम तीस वर्षे केले आहे. बाहेरचे अन्न आणि शेकडो माणसांचे एकत्र राहणे यांचा संबंध मला कोणी शिकवायला नको. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीतून दारू आत नेण्याचे प्रकार होतात, म्हणून बाटल्यांवर बंदी येते, हेही ठाऊक आहे. त्यामुळे कोकमची बाटली गेली याचे मला दुःख नाही. परंतु पदार्थ नासतो तो त्यातल्या ओलाव्यामुळे. दुधात मळलेली दशमी दोन दिवसांत विटेल, तर भाजलेल्या चुरमुऱ्यांचे भडंग हवाबंद ठेवल्यास कित्येक आठवडे टिकते, आणि कारखान्यात सीलबंद केलेल्या बिस्किटांचा पुडा तर आपल्याच जहाजावरच्या दुकानात विकायला ठेवलेला मी पाहिला. परदेशातल्या काही मोठ्या जहाज कंपन्या हा फरक ओळखून तसे आधीच जाहीर करतात : घरचे शिजवलेले अन्न नको, कारखान्यात बंद केलेला कोरडा खाऊ चालेल, आणि पेयांपैकी दर प्रौढामागे ७५० मिलिलिटरची वाइनची एक न उघडलेली बाटली आणि मद्यविरहित पेयांचे डझनभर कॅन, एवढेच, आणि तेही सफरीच्या पहिल्या दिवशी. हे प्रवाशाला घरी पिशवी भरताना कळते. आपल्याकडे ते टेबलावर पिशवी रिकामी होताना कळले.

आता त्या टेबलाविषयी. माझ्या पत्नीने चहासाठी विजेची छोटी किटली आणली होती. आगीच्या धोक्यामुळे ती जहाजावर चालत नाही, असे कर्मचाऱ्याने सांगितले. तिला केबिन क्रमांकाची चिठ्ठी बांधली, आम्हाला पावती दिली, आणि १३ तारखेला उतरताना ती किटली जशीच्या तशी आमच्या हाती ठेवली. ही पद्धत उत्तम आहे. मग हीच पद्धत बिस्किटांच्या सीलबंद पुड्यांना आणि स्टीलच्या डब्यांना का लागू झाली नाही? मी पावती मागितली तेव्हा ‘खाण्याच्या वस्तूंची पावती नसते’ असे उत्तर मिळाले, आणि आमच्या डोळ्यांदेखत लाडवांचा डबा टेबलाशेजारच्या काळ्या पिशवीत उपडा करण्यात आला. रिकामे डबे मागून घेतले म्हणून मिळाले. माझ्या आईच्या पिढीतल्या माणसाला अन्न कचऱ्यात पडताना पाहून काय वाटते हे मी आपणास पत्रातून समजावू शकणार नाही. ती त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कोणाशी बोलली नाही.

त्याच रांगेत आमच्यामागे सांगलीचे एक कुटुंब होते. त्यांच्या खांद्यावरच्या पिशव्या यंत्रातून गेल्या, कोणी उघडल्या नाहीत, आणि त्यांचा खारीचा पुडा, पेढे आणि आंब्याच्या रसाची छोटी पाकिटे सुखरूप आत गेली. मी त्यांची तक्रार करत नाही, ते पुढील मजकुरावरून आपल्या ध्यानात येईलच. पण जो नियम पिशवी कोणाच्या हाताखाली आली यावर ठरतो, त्याला नियम म्हणता येत नाही.

सर्वांत गंभीर बाब आईच्या छोट्या पिशवीची आहे. डॉक्टरांचे पत्र आपल्या कर्मचाऱ्याने वाचले. इन्सुलिनची पेने आणि सुया औषध म्हणून आत जाऊ दिल्या. गूळ मात्र ‘सुटा खाद्यपदार्थ’ म्हणून आणि ग्लुकोजचा डबा ‘उघडलेली पांढरी पावडर’ म्हणून बाजूला काढला, आणि काही लागलेच तर जहाजावर सर्व काही चोवीस तास मिळते, असे आश्वासन दिले. म्हणजे साखर उतरवणारे औषध आत गेले आणि साखर चढवणारा त्याचा उतारा बाहेर राहिला. टेबलावरच्या मुलाला हे समजले नसेल, तर दोष त्याचा नाही. त्याला कोणीतरी ते शिकवायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी, ११ नोव्हेंबरला, समारंभी जेवणाची छापील वेळ सव्वाआठची होती. त्या हिशेबाने आईला आठला इन्सुलिन दिले. पानावर पहिला पदार्थ आला तेव्हा नऊ वाजून वीस मिनिटे झाली होती, आणि भूक मेलेली म्हणून आई दोन घासांवर उठली. पहाटे साडेतीनच्या सुमारास ती घामाने थबथबून जागी झाली, हात थरथरत होते, बोलणे अडखळत होते. यंत्रावर साखर ५८ दिसली. ७० च्या खाली गेली की १५ ग्रॅम साखर लगेच पोटात जायला हवी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायला हवे, हे मधुमेही माणसाच्या घरात सगळ्यांना पाठ असते. केबिनमध्ये चहा-साखरेची सोय नव्हती. खोलीतल्या फोनवरून मागवले तर ‘चाळीस मिनिटे लागतील’ असे सांगण्यात आले. वैद्यकीय कक्षाचा फोन पहिल्या दोन वेळा कोणी उचललाच नाही. मी अनवाणीच बाहेर धावलो. बुफे सकाळी सातपर्यंत बंद, वरच्या डेकवरचे कॅफे एक वाजता बंद झालेले. शेवटी समोरच्या केबिनचे दार वाजवले. ते सांगलीच्याच कुटुंबाचे निघाले, आणि आपल्या यंत्राच्या नजरेतून सुटलेल्या आंब्याच्या रसाच्या पाकिटाने माझी आई सावरली. पंधरा मिनिटांनी साखर ८१ झाली. खोलीत मागवलेला रस आणि सँडविच सव्वाचारला आले, सोबत ९४० रुपयांचे बिल घेऊन.

या प्रकाराबद्दल मी सकाळी जहाजावरच्या मदत कक्षात गेलो, तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यांनी सहानुभूती दाखवली, पण ‘सर्वोच्च न्यायालयानेही बाहेरचे खाद्यपदार्थ अडवायला परवानगी दिली आहे’ असे ऐकवले. तो निर्णय मी घरी आल्यावर पाहिला. ३ जानेवारी २०२३ चा तो निर्णय चित्रपटगृहांपुरता आहे. बाहेरचे खाद्यपदार्थ आणू द्यावेत की नाही हे चित्रपटगृहाच्या मालकाने ठरवावे, असे त्यात म्हटले आहे हे खरे. पण पिण्याचे पाणी विनामूल्य मिळाले पाहिजे आणि तान्ह्या मुलासाठी आणलेले अन्न अडवू नये, हेही त्याच निर्णयात नोंदले आहे. शिवाय चित्रपट तीन तासांचा असतो, दार उघडून बाहेर पडले की समोर टपरी असते. किनाऱ्यापासून कित्येक मैल दूर, तीन रात्री, खाण्यासाठी आपल्याखेरीज दुसरे कोणी नसताना अडवण्याचा अधिकार वापरायचा, तर वेळेवर खाऊ घालण्याची जबाबदारीही तितकीच आपली होते. पाण्याच्या बाटलीला आपण छापील किमतीहून किती जास्त घेता, यावर मी वाद घालत नाही. साधे पाणी जेवणाच्या वेळेबाहेर सहज मिळत नव्हते, एवढेच नोंदवून ठेवतो.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(११) मध्ये सेवेतील त्रुटीची जी व्याख्या आहे, तीत ग्राहकापासून संबंधित माहिती जाणूनबुजून दडवणे हेही येते. फोनवर एक सांगणे, प्रवास-सूचनेत गप्प राहणे आणि टेबलावर तिसरेच करणे हे त्या व्याख्येत बसते, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच कायद्याच्या कलम ३४ नुसार मी राहतो तिथल्या, म्हणजे कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे मला तक्रार दाखल करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. तिथवर जाण्याची माझी हौस नाही. निवृत्त माणसाला वेळ पुष्कळ असतो, एवढे मात्र आपण गृहीत धरावे.

माझे मागणे असे की टाकून दिलेल्या वस्तूंचे १,४५० रुपये, त्या पहाटेच्या बिलाचे ९४० रुपये आणि आईसाठी पुढच्या दोन दिवसांत जहाजावरच्या दुकानातून घ्याव्या लागलेल्या बिस्किटांचे व रसाचे १,१२० रुपये, असे एकूण ३,५१० रुपये आपण परत करावेत. मनस्तापाची वेगळी रक्कम मी मागत नाही, कारण त्या रात्रीचा हिशेब रुपयांत मांडणे मला जमणार नाही. मात्र १८ ऑक्टोबरच्या संभाषणाची प्रत मिळावी, आणि काय आणावे, काय आणू नये हे आपण यापुढे तिकिटाच्या पहिल्या पानावर मराठी व हिंदीतही छापणार की नाही, तसेच डॉक्टरांचे पत्र असलेल्या प्रवाशाची साखर, गूळ वा ग्लुकोज औषधासारखेच आत जाऊ देण्याची लेखी सूचना आपल्या तपासणी कर्मचाऱ्यांना देणार की नाही, याचे स्पष्ट उत्तर हवे. घरचे अन्न नाकारायचेच असेल तर किटलीसारखी चिठ्ठी बांधून उतरताना परत द्यावे; निदान निरोप द्यायला आलेल्या नातेवाइकांच्या हाती ते परत पाठवण्याची मुभा तरी द्यावी. आमचा भाचा तेव्हा टर्मिनलबाहेरच उभा होता.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. ते न आल्यास प्रथम राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर आणि त्यानंतर वर उल्लेखिलेल्या आयोगाकडे मी तक्रार नोंदवीन. तिकीट, ६ नोव्हेंबरची प्रवास-सूचना, किटलीची पावती, जहाजावरची बिले, डॉक्टरांचे पत्र आणि साखर मोजण्याच्या यंत्रातील त्या पहाटेच्या दोन नोंदींचे छायाचित्र यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. सांगलीच्या त्या कुटुंबाने गरज पडल्यास साक्ष देण्याची तयारी दाखवली आहे. त्यांच्या खारीच्या पुड्यावरून त्यांना त्रास होणार नाही, एवढी हमी आपल्या उत्तरात असावी.

कळावे,
आपला,
(सही)
बुकिंगधारक, तीन प्रवाशांच्या वतीने