बाबांचा घसा आम्हाला उलगडून दाखवलात, त्याबद्दल

थेरपिस्ट मॅडम, नमस्कार.

पॅरालिसिसच्या झटक्यानंतर बाबांचे हातपाय सुधारले, पण पाण्याचा घोट घेतला की ठसका लागायचा. भात उतरतो आणि पाणी उतरत नाही, हे आम्हा वाळपईच्या माणसांना काही केल्या पटेना. पाणी दाट करून प्यायचं म्हटल्यावर बाबा तर हट्टालाच पेटले.

बेरियम पाजून काढलेल्या एक्स-रेच्या व्हिडिओत आम्हाला फक्त एक काळी सावली सरकताना दिसली. मग तुम्ही लॅपटॉपवर संगणकी मॉडेलच्या चित्रफिती लावल्यात. त्यात पाणी म्हणजे असंख्य बारीक कण, आणि प्रत्येकाचा वेग नि दाब गणिताने काढलेला. कणांची ही पद्धत 1996 साली जपानमधल्या अणु-अभियांत्रिकीच्या संशोधकांनी मांडली, हे ऐकून मी थक्क झाले. कुठली अणुभट्टी आणि कुठला माणसाचा घसा!

घशातलं काम जेमतेम एका सेकंदाचं. तेवढ्यात श्वासाची वाट बंद व्हायला हवी. ती जरा उशिरा बंद झाली, तर पातळ पाणी आधीच तिथे पोचून आत शिरतं. तोच घोट दाट असला की मागे रेंगाळतो. बाबांनी खाणीवरच्या वर्कशॉपमध्ये पंप दुरुस्त करण्यात जन्म काढला. ते ताडकन म्हणाले, "म्हणजे माझा व्हॉल्व्ह लेट पडतो!" त्या दिवसापासून हट्ट संपला.

हे मॉडेल बाबांच्या घशाचं नाही, हेही तुम्ही स्पष्ट सांगितलंत आणि दाटपणा त्यांच्या स्वतःच्या तपासणीवरून ठरवलात. संगणकावर दिसलं की माणसं डोळे मिटून मान डोलावतात, म्हणून मला याचं फार मोल वाटतं.

आईला तुम्ही दाटपणा मोजायची सिरिंजची चाचणी शिकवलीत. 10 मिली भरायचं, 10 सेकंद खालून वाहू द्यायचं. आत 4 ते 8 मिली उरलं तर बाबांना चालेल. आई आता गाळलेली पेजसुद्धा मोजूनच देते. लाळ लागली की पेज पातळ होते, हे तुम्ही सांगितल्यापासून उष्टा चमचा पातेल्यात जात नाही. चतुर्थीला बाबांनी दाट केलेली सोलकढी मागून घेतली, ठसक्याविना प्यायले.

मनापासून आभार. त्या चित्रफिती प्रत्येक पेशंटच्या घरच्यांना दाखवा, एवढी विनंती. आणि हनुवटी खाली घेऊन गिळलं की दाब नेमका कुठे बदलतो, हा प्रश्न बाबांनी तुमच्यासाठी लिहून ठेवला आहे. पुढच्या तपासणीला विचारणार आहेत.