चार्जिंगच्या लाल दिव्यासाठी, अण्णा, आभार

अण्णा, नमस्कार.

कराडला कोल्हापूर नाक्याजवळ तुम्ही माझ्या जुन्या पद्मिनी गाडीचं काम केलंत. तिथं उभ्याउभ्या आभार मानले, पण तेवढ्यानं समाधान झालं नाही. शिवाय जुनी गाडी सांभाळणाऱ्या चार जणांनी हे वाचलं तर त्यांचेही पैसे वाचतील.

तक्रार तुम्हाला ठाऊकच आहे. हायवेला गाडी झकास, गावात जरा फिरवली की बॅटरी उतरलेली. एका गॅरेजनं तर अल्टरनेटरच, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्रच, बदला म्हणून सांगितलं होतं. तुम्ही बॉनेटही उघडलं नाहीत. चावी फिरवली, मीटरकडं बघितलं आणि म्हणालात, "ऑइलचा दिवा लागतोय, मग चार्जिंगचा का लागंना?"

लाल दिवा दिसत नाही म्हणजे चार्जिंग उत्तम, अशीच बहुतेकांची समजूत. पण इंजिन सुरू व्हायच्या आधी तो पेटलाच पाहिजे. ल्युकासच्या ह्या अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट त्या बल्बातूनच मिळतो. बल्ब उडाला की आयडलिंगला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, अल्टरनेटर जागाच होत नाही. रेस वाढली की उरल्यासुरल्या चुंबकत्वावर कसाबसा उठतो. हायवेचं कोडं तिथंच सुटलं.

मग बॅटरीची निगेटिव्ह काढली, स्पीडोमीटरची केबल सोडवली आणि मीटर बाहेर घेतलंत. बल्बाची काच आतून काळी पडलेली. होल्डरची पत्री तुम्ही पॉलिश पेपरनं चकचकीत होईपर्यंत घासलीत. मीटरच्या लायटीचेही बल्ब गेले होते, म्हणून मी म्हणालो, सगळे एलईडीच टाका. "लायटीला टाका की. चार्जिंगला साधाच, दोन-अडीच वॅटचा. एलईडीतनं तेवढा करंट जात न्हाई." हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

मल्टिमीटरचे आकडे तुम्ही मलाच वाचायला लावलेत, ते फार आवडलं. इंजिन बंद असताना 12.4 व्होल्ट, आयडलिंगला 14.1, हेडलाइट-वायपर लावून 13.6. पट्टा अंगठ्यानं दाबून बघितलात, टर्मिनलवरचा पांढरा थर गरम पाण्यानं धुतलात. आणि घेतलेत काय, तर बल्बांचे पैसे नि वर एक चहा! हा हिशेब मला अजून पटलेला नाही.

पुढच्या महिन्यात कोल्हापूरला जाताना थांबतो. पेट्रोलचा काटा अर्ध्यावरून हलत नाही, तेवढं बघा. आणि या खेपेला मजुरी आधी सांगा.

तुमचा,
पद्मिनीवाला