वर तार, घरात कोरोबोई

सियाया, केनिया
12 मे

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे? तेल लावता ना रोज? इथे मार्चपासूनचा मोठा पाऊस अजून हटलेला नाही. कच्च्या रस्त्यावर गाडी रुतते, म्हणून दोन दिवस सर्व्हे बंद आहे.

मी नेमकं काय करते, असं तुम्ही फोनवर विचारलंत. घरोघर जाऊन विचारते: वीज आहे का, नसेल तर का घेतली नाही, चूल कशावर पेटते. तुम्ही जन्मभर वायरमनचं काम केलंत, तुम्हाला हे आतून कळेल. दहाएक वर्षांपूर्वी याच भागात एक अभ्यास झाला. डीपी जवळ असूनही खेड्यातल्या 100 घरांपैकी जेमतेम 5 घरांत वीज होती, आणि ज्यांच्याकडे नव्हती त्यांतली निम्मी घरं तारेपासून 200 मीटरच्या आत! वरून तार गेलेली आणि खाली कोरोबोई. म्हणजे आपली रॉकेलची चिमणीच, पत्र्याच्या डबीत वात घातलेली. पहिल्यांदा पाहिली तेव्हा आजीचं माजघर आठवलं.

कारण साधं होतं. कनेक्शनलाच 35,000 शिलिंग लागत. 2015 मध्ये सरकारने ते 15,000 वर आणले, हप्ते दिले, डीपीपासून 600 मीटरच्या आतली घरं जोडायला घेतली. मीटर पुष्कळ लागले. शिवाय या देशाची बहुतेक वीज जमिनीतल्या वाफेवर, पाण्यावर आणि वाऱ्यावर होते. कोळसा जाळत नाहीत, याचं मला फार कौतुक वाटतं.

पण परवा एका आजीबाईंकडे गेले. मीटर आहे, एक बल्ब आहे. 50 शिलिंगचं टोकन, म्हणजे विजेचा रिचार्ज, मोबाइलवरून घेतात, मग 20 आकडी नंबर येतो, तो मीटरवर दाबायचा. आजींना आकडे दिसत नाहीत. नात एकेक आकडा मोठ्याने वाचत दाबत होती. एक चुकला, पुन्हा पहिल्यापासून. दिवा लागला तशी ती तिथेच खाली वही उघडून बसली. आजी मागच्या झोपडीत गेल्या, तीन दगडांची चूल, ओली लाकडं, उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, घोटताना डोळ्यांतून घळाघळा पाणी. मला पाच मिनिटंही आत उभं राहवेना. आमच्या कागदावर मात्र या घरापुढे ‘वीज आहे’ अशी खूण. सहारापलीकडच्या आफ्रिकेत अजून सुमारे 60 कोटी माणसांकडे वीज नाही, हे सगळे सांगतात. अशा धुरात स्वयंपाक करणारी माणसं 90 कोटींच्या वर आहेत, त्यांच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. चुलीपुढे बायका असतात म्हणूनच असं होतं, असं माझं ठाम मत झालंय.

आपल्याकडे 2004 पासून 10 टक्के घरांत वीज आली की बाकी अटी पुऱ्या करून गावाचं विद्युतीकरण झालं असं धरायचे, आठवतं? उरलेल्या 90 घरांचं काय, म्हणून तुम्ही जेवताना चिडायचात. मला तेव्हा त्यातलं काही कळत नव्हतं.

म्हणून एक विचारते. तुमच्या हद्दीत दारासमोर पोल असून ज्यांनी मीटर घेतला नाही, त्यांनी का घेतला नाही? आणि ज्यांनी घेतला, त्यांच्या घरी दुसरा बल्ब किती वर्षांनी आला? सविस्तर लिहा. मला पुढच्या फॉर्ममध्ये हे प्रश्न घालायचे आहेत.

आईला नमस्कार. सिलिंडर संपत आला की आधीच नंबर लावा, तिला चुलीपुढे बसू देऊ नका.

तुमची,
मनू