पऱ्हाटीनं सुरू होणारा कूलर

लायडन (नेदरलँड्स), १२ मे

चि. बाळूस,
अनेक आशीर्वाद.

परवा व्हिडिओ कॉलवर तुझ्यामागं बाबा दिसले. हातात कापसाची वाळकी काडी, म्हणजे पऱ्हाटी, आणि जाळीतून कूलरच्या पात्याला ढोसणं चाललेलं. ढोसल्याशिवाय फिरतच नाही म्हणालास. त्यावर बाबांचं ठरलेलं, "कायले खोलतं त्याले? नवाच आनू." कापसाचे पैसे हातात असले की घरातलं सगळंच जुनं दिसायला लागतं! पण दारव्ह्याला जायच्या आधी हे वाच. फोनवर सांगितलेलं तू अर्धंच ऐकतोस, म्हणून लिहिते.

आधी पिन काढून पातं हातानं फिरव. जड वाटलं तर बुशिंग, म्हणजे मोटरचा दांडा ज्यात फिरतो ती कडी, कोरडं पडलंय, तेल घाल. हलकं फिरत असेल आणि वीज दिल्यावर नुसतं गुणगुणत असेल, तर बहुतेक कपॅसिटर गेलाय. सिंगल फेजच्या मोटरला सुरुवातीचा धक्का तोच देतो. सध्या तेवढं काम बाबा पऱ्हाटीनं करताहेत.

मोटरजवळची दोन वायरींची छोटी डबी, तोच तो. त्यावरचा मायक्रोफॅरडचा आकडा, म्हणजे वीज साठवायचं माप, आणि व्होल्ट लिहून घे. मायक्रोफॅरड तेवढेच हवेत, व्होल्ट तेवढे किंवा जास्त. दुकानदार "जरा मोठा टाका, जोरात फिरेल" म्हणेल, त्याचं ऐकू नको, मोटर तापते. शंभराची नोट दिलीस तर सुटे परत येतील.

आता नीट ऐक. कूलर म्हणजे पाणी आणि वीज एका पत्र्यात. नुसतं बटण बंद करून भागत नाही, पिनच काढायची. टाकी रिकामी कर, पायात चप्पल असू दे. आणि पिन काढली तरी कपॅसिटरात वीज साठून राहते. दोन्ही टोकांना जुन्या शंभर वॅटच्या बल्बच्या वायरी क्षणभर टेकव, मग हात लाव. मेकॅनिक लोक स्क्रू ड्रायव्हरनं चटका काढतात, तसं करू नको.

गंमत म्हणजे मी राहते त्याच गावात १७४६ च्या सुमारास मुसेनब्रुक नावाच्या प्राध्यापकानं काचेच्या बरणीत वीज साठवली होती. कपॅसिटरची ती पणजी. झटका असा बसला, की फ्रान्सचं राज्य मिळालं तरी पुन्हा घेणार नाही, असं त्यानं पत्रात लिहिलं. बाबांना टीव्हीमागं बसला होता तो आठवतो? त्यांनी फ्रान्सचं नाव नव्हतं घेतलं, दुसरंच काही घेतलं होतं.

टीव्हीवरून आठवलं. लाल दिवा लुकलुकतो आणि चित्र यायला दहा मिनिटं लागतात, हेही त्याच जातीचं दुखणं वाटतं. मागच्या महिन्यात इथं कचऱ्यापाशी ठेवलेला एक मॉनिटर मी उचलून आणला. पॉवर सप्लायच्या बोर्डावर १००० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर भाकरीसारखे वर फुगलेले. दोन्ही बदलले, आता त्याच्यावरच काम करते.

हे छोटे गोल कपॅसिटर आतून ओले असतात. उष्णतेनं ते द्रव हळूहळू सुकतं. ढोबळ हिशेब असा, की दहा अंश कमी तापलं तर आयुष्य दुप्पट. आपल्याकडं मे महिन्यात बाहेरच ४५, वर टिनाचं छप्पर, आणि टीव्ही भिंतीला चिकटवून, वर आईचा क्रोशाचा रुमाल! रुमाल काढ, पण आईला सांगून. नवे घेताना ८५ अंशाचे नको, १०५ लिहिलेले घे. यांना उलटसुलट असते. पांढऱ्या पट्ट्याची बाजू ऋण. उलटा लावलास तर फुटतो.

टीव्ही मात्र तू एकट्यानं खोलू नको. त्यातल्या मोठ्या कपॅसिटरात तीनशे व्होल्टच्या वर साठलेले असतात. बसस्टँडमागच्या रेडिओवाल्या काकांकडं ने. लहानपणी ते बदललेला जळका तुकडा माझ्या हातावर ठेवायचे, तिथूनच मला ही खोड लागली. "बोर्डच बदला" म्हणाले तर फुगलेले कोणते ते दाखवायला सांग.

कूलरच्या डबीचा फोटो पाठव, आकडा मी बघते. वायरी सोडवायच्या आधीही एक फोटो काढून ठेव. वाळ्याच्या ताट्या यंदा बदलल्या का?

ती. आई-बाबांना नमस्कार.

तुझी,
ताई

ता. क. पंखा आपोआप फिरला की ती पऱ्हाटी चुलीत घाल. बाबा दुसरी आणतील, तीही घाल.