घड्याळ लावून केलेल्या दहा वह्या

चि. लेकीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबत पाठवलेली, तू हाताने बांधलेली वही मिळाली. ऑफिसातल्या सात जणांनी तशाच वह्या मागितल्या आहेत, तेव्हा हा छंद आता घरबसल्या व्यवसाय म्हणून करावा का, असे तू विचारले आहेस. माझे उत्तर होकाराचे आहे. पण त्या होकाराला एक अट आहे, आणि ती का घालते आहे हे नीट सांगितल्याशिवाय ती तुला जाचक वाटेल, म्हणून हे पत्र जरा लांबणार आहे.

अट अशी की किंमत ठरवण्यापूर्वी, व्यवसायाचे नाव आणि छापील चिठ्ठ्या यांच्या मागे लागण्यापूर्वी, एकाच मापाच्या, एकाच कागदाच्या आणि एकाच शिवणीच्या दहा वह्या तू घड्याळ लावून कराव्यास आणि प्रत्येक टप्प्याला किती मिनिटे लागली ते लिहून ठेवावेस. आजवर तू केलेल्या वह्यांपैकी कोणत्याही दोन सारख्या नाहीत. छंदात ते शोभते, कारण तिथे हात कंटाळला की आपण रंग बदलतो, शिवण बदलतो आणि बिघडलेली वही स्वतःच्या हिशेबासाठी ठेवून घेतो. ज्याने एक वही पाहून दुसरी मागवली आहे त्याला मात्र तशीच वही हवी असते. पहिली वही हौसेवर होते. आठवी, नववी आणि दहावी वही करताना तुला हे काम आवडते की फक्त नवेपण आवडते, हे तुझे तुलाच कळेल.

मी अठरा वर्षे घरी शिवणकाम केले हे तू पाहिलेच आहेस. पण त्या अठरा वर्षांत मी एकदाही वेळ लिहून ठेवला नाही, हे तुला ठाऊक नसावे. शिलाई किती झाली असे कोणी विचारले की माझे उत्तर ठरलेले असे, ‘द्या काय द्यायचे ते.’ त्यात मला मोठेपणा वाटत असे. पुढे एकदा एका कपड्याचा हिशेब सहज मांडला, तेव्हा लक्षात आले की मी फक्त मशीनवर बसलेला वेळ धरत होते. बेतणे, अंगावर घालून पाहणे, उसवणे, पुन्हा शिवणे, काज-बटणे, इस्त्री आणि दारात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाशी बोलणे यांचा वेळ मशीनच्या वेळेइतकाच भरत होता. म्हणजे वर्षानुवर्षे अर्धे काम मी फुकट करत होते, आणि ते कोणी मागितले म्हणून नव्हे, तर मीच मोजले नव्हते म्हणून.

गेल्या सुट्टीत तू इथे एक वही बांधत होतीस, तेव्हा मी गुपचूप वेळ टिपली होती. ४८ कागद दुमडून घड्या दाबायला २५ मिनिटे, भोके पाडायला १५, शिवणीला ६०, कण्याला, म्हणजे वहीच्या शिवलेल्या पाठीला, खळ लावून पुठ्ठे बसवायला ३५ आणि कडा कापून साफसफाई करायला १५. हे अडीच तास झाले. त्यात फोटो काढणे, विचारणाऱ्यांना उत्तरे देणे आणि वेष्टन बांधणे यांचा अर्धा तास मिळवला, तर एका वहीला तीन तास लागतात. त्याच दिवशी तू मैत्रिणीला फोनवर सांगितलेस की ‘तासाभराचे तर काम आहे.’ तुझ्या मनात फक्त शिवण होती, जशी माझ्या मनात फक्त मशीन असे.

आता किमतीचे बघ. सामानाचा खर्च १०० धर. फुकट गेलेले कागद, सुया, पाती, दिव्याचा खर्च आणि वेष्टन यांचे ३० धर. याच कामासाठी बाहेरच्या माणसाला बोलावले असते तर ताशी ६० द्यावे लागले असते असे मान. तीन तासांचे १८० झाले, म्हणजे वही ३१० ला पडली, आणि यात नफा अजून आलेलाच नाही. तू ‘सामानाच्या दुप्पट’ म्हणजे २०० ला विकायचे ठरवले आहेस. त्यातून १३० वजा केले की तीन तासांच्या मेहनतीचे ७० उरतात, म्हणजे ताशी २३ च्या आसपास. हा दर तू दुसऱ्या कोणाला देऊ केलास तर तो दुसऱ्या दिवशी येणार नाही.

दहा वह्या एकत्र हाती घेतल्या, म्हणजे आधी सगळ्यांचे कागद दुमडले, मग सगळ्यांना भोके पाडली, असे केले तर तीन तासांचे दोन तास होतील असा माझा अंदाज आहे. शिवणात मला तो अनुभव आहे: दहा बाह्या एका बैठकीत लावणे हे दहा कपडे एकामागून एक पुरे करण्यापेक्षा पुष्कळ सोपे जाते. दोन तास धरले तर वही २५० ला पडेल आणि ३०० ला विकल्यास ५० सुटतील. वह्या दाबून ठेवायचा शिकंजा, कापायचे यंत्र आणि इतर हत्यारे मिळून १,५०० चा खर्च आला असेल, तर तो तिसाव्या वहीला वसूल होतो. त्याआधी हाती आलेल्या पैशाला नफा म्हणू नये.

इथे बहुतेकांची एक चूक होते. २५० वर ५० म्हणजे २० टक्के नफा, हे खरे आहे. पण सवलत २५० वर द्यायची नसते, ती ३०० वर द्यायची असते. ओळखीच्या माणसाने ‘वीस टक्के तरी कमी कर’ म्हटले आणि तू मान डोलावलीस, तर वही २४० ला जाते आणि तू पदरचे १० घालतेस. ओळखीतून सुरू झालेल्या धंद्यात ही मागणी रोज येते, तेव्हा काय उत्तर द्यायचे ते आधीच ठरवून ठेव. दुकानात वह्या ठेवायच्या झाल्यास हिशेब आणखी अवघड होतो, कारण घाऊक भावाच्या दुप्पट भाव लावण्याची पद्धत किरकोळ व्यापारात सर्रास चालते. म्हणजे दुकानात ३०० ला विकल्या जाणाऱ्या वहीचे तुझ्या हाती १५० पडतील आणि तुझी मेहनत ताशी १० वर येईल. दुकानाचा मोह पडला तर आधी किंमत वाढवता येते का ते पाहा; येत नसेल तर ओळखीच्या गिऱ्हाइकांत राहिलेले बरे.

आता वहीविषयी थोडे, कारण तू खरे मत मागितले आहेस. शिवण सरळ आहे, दोऱ्याला मेण बेताचे लागले आहे, कोपरे उत्तम आहेत. पण वही मधोमध उघडली की पाने उसळून पुन्हा मिटू पाहतात, आणि पाऊस सुरू झाल्यापासून पानांच्या कडा कण्याजवळ लहरल्या आहेत. पुस्तकबांधणीत आयुष्य गेलेल्या एका ओळखीच्या म्हाताऱ्या कारागिराला मी ती दाखवली. त्याने पाने न मोजता सांगितले, ‘कागद आडवा वापरला आहे.’ मला ते लगेच पटले, कारण कापडालाही उभा आणि आडवा धागा असतो आणि तो चुकला की कितीही चांगली शिलाई लटकते. यंत्रावर तयार झालेल्या कागदातले तंतू बहुतांशी एकाच दिशेने पडतात, आणि दमट हवेत कागद त्या दिशेपेक्षा तिच्या आडव्या दिशेने जास्त फुगतो. म्हणून वहीत तंतूंची दिशा कण्याला समांतर असावी लागते. बाजारात सुटा मिळणारा ए-४ कागद, २१० बाय २९७ मिलिमीटरचा, बहुधा लांब बाजूच्या दिशेने तंतू असलेला असतो. तो मधोमध दुमडला की कणा आखूड बाजूच्या दिशेने येतो आणि तंतू त्याला आडवे पडतात. याला त्या कारागिराने सुचवलेला उपाय सोपा आहे: लांब बाजूला समांतर तंतू असलेला ए-३ कागद घेऊन तो मधोमध कापायचा, म्हणजे मिळणाऱ्या ए-४ मध्ये तंतू आखूड बाजूला समांतर येतात आणि घडी योग्य बसते. दिशा ओळखण्यासाठी कागद घडी न घालता आधी उभा, मग आडवा हलकेच वाकवून पाहायचा. ज्या बाजूने तो कमी विरोध करतो, तिकडे घडीची रेषा तंतूंना समांतर असते.

चौरस वह्यांचाही पुनर्विचार कर. कागदाची ही मापे १९२२ साली जर्मनीत प्रमाण म्हणून ठरवली गेली, तेव्हा त्यांतली लांबी-रुंदी मुद्दाम अशा प्रमाणात ठेवली की कागद मधोमध दुमडला तरी तेच प्रमाण राहावे आणि काही वाया जाऊ नये. तू ए-५ चे, म्हणजे ए-४ च्या निम्मे, पान कापून १४८ मिलिमीटरचा चौरस करतेस, तेव्हा सुमारे ३० टक्के कागद कचऱ्यात जातो. चौरस वही देखणी दिसते हे मला मान्य आहे. पण त्या देखणेपणाची किंमत गिऱ्हाईक देणार की तू, हे ठरवायला हवे. कापलेल्या पट्ट्यांची खूणपाने करून वहीसोबत दिलीस तर त्यातले थोडेफार वसूल होईल.

वेळेच्या बाबतीत तुझा अंदाज मला फार आशावादी वाटतो. नोकरी सांभाळून आठवड्याला खरोखर बारा तास निघाले, तरी सहा वह्या होतात. शिकंज्यात एका रात्रीत आठ वह्या राहत असल्या तरी अडचण शिकंज्याची नाही, तुझ्या हातांची आहे. तेव्हा त्या सात जणांना ‘पुढच्या शनिवारी देते’ असे सांगू नकोस. दोन आठवडे सांग आणि दहाव्या दिवशी दे. नोकरी सोडायचा विचार तर सध्या मनातही आणू नकोस. महिन्याला २४ वह्या झाल्या तर मजुरी आणि नफा मिळून वहीमागे १७० प्रमाणे ४,०८० होतात. ताशी ६० कमावणारा माणूस तेवढे ६८ तासांत मिळवतो. हा आकडा शेजारी ठेवून निर्णय घे.

मागणी तोंडी घेऊ नकोस. माप, रंग, पानांची संख्या, नाव कोरायचे असल्यास त्याची अक्षरे आणि देण्याची तारीख लिहून दुसऱ्या बाजूची संमती घे. नाव घातलेली वही दुसऱ्या कोणाला विकता येत नाही, म्हणून तिचे पूर्ण पैसे आगाऊ, बाकीच्यांचे अर्धे. हे सांगताना मला आजही संकोच वाटतो, यावरून माझी सवय किती जुनी आहे ते समज. तू लहान असताना मी एका संस्थेसाठी ४० गणवेश शिवले होते. आगाऊ रक्कम मागितली नाही, कापड घरखर्चाच्या पैशातून आणले, आणि हिशेब तीन महिन्यांनी चुकता झाला. पैसे बुडाले नाहीत. पण त्या तीन महिन्यांत दुसरे कोणतेच काम घेता आले नाही, कारण दोऱ्याला पैसे नव्हते. कागदावर नफा असूनही धंदा असा अडकू शकतो, हे मला तेव्हा कोणी सांगितले नव्हते. आणि सगळे काम एकाच मोठ्या गिऱ्हाइकाचे असले की ते उशीर करते तेव्हा आपल्याला बोलताही येत नाही.

व्यवसायाचे पैसे घरच्या पैशांत मिसळू नकोस. वेगळे खाते उघड, आणि ते होईपर्यंत निदान वेगळी पेटी आणि वेगळी हिशेबवही ठेव. घरून व्यवसाय करण्यासाठी नोंदणी किंवा कर यांचे तुझ्याकडे काय नियम आहेत ते पहिली वही विकण्यापूर्वी विचारून घे. मुखपृष्ठावर दुसऱ्याचे चित्र परवानगीशिवाय छापू नकोस, कोणी कितीही आग्रह केला तरी. घरातल्या कोणत्या टेबलावर काम होणार आणि जेवणाच्या वेळी ते कोण आवरणार, यावरही जावईबापूंशी आधीच बोल. माझे शिवणयंत्र दिवाणखान्यात होते आणि त्यावरून झालेली भांडणे शिलाईच्या पैशापेक्षा जास्त लक्षात राहिली आहेत.

महिन्यातून एक वही मात्र विकण्यासाठी करू नकोस. चौरस कर, भलत्या रंगाची कर, बिघडव. अठरा वर्षांत मी स्वतःसाठी एकही कपडा हौसेने शिवला नाही, आणि मशीन बंद केल्यावर पुन्हा त्यावर बसावेसेही वाटले नाही.

दहा वह्यांच्या मिनिटांचा तक्ता झाला की मला पाठव. बेरीज मी तपासीन. त्यातली एक निळ्या पुठ्ठ्याची वही माझ्यासाठी ठेव, कागद उभा वापरून केलेली. बिल पुस्तकातले पहिले बिल माझ्या नावाने फाड, आणि आई आहे म्हणून सवलत लावू नकोस. ती लावलीस तर किती तोटा होतो ते वर मांडलेच आहे.

तुझी,
आई